आपली गोष्ट प्रोसिडिंगात

स्वयंपाकाला लागल्या असाल तर हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचंय ते लिहिण्याविषयी. ‘आम्हाला कुठं लिहिता येतं’ म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्यासाठीच बोलतेय.

१८५५ साली पुण्यात मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली एक मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय चौदाएक वर्षं. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. आजही लोक तो शोधून वाचतात. कारण ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढं म्हणून ती थांबली नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे थंडी-पावसात काय हाल होतात, ते तिनं लिहिलं. ‘अन्याय’ म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो नि पुढं जातो. भिजणारी बाळंतीण डोळ्यांसमोर आली की त्याला थांबावं लागतं. एवढ्याशा पोरीला हे कळलं होतं. भाषणं ठोकणाऱ्यांना अजून कळत नाही, ते असो.

आपल्या आया-आज्यांनी जात्यावर हेच केलं. हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. सासुरवास, दुष्काळ, लेकीची काळजी, सगळं त्यात आहे. पण पहाटे ती ओवी ऐकायला कोण होतं? जातं आणि शेजारीण. चावडीपर्यंत ती पोचली नाही.

आमच्या गावाच्या माळावर खडीचं क्रशर आहे. तीन वर्षं आम्ही तोंडी सांगत होतो, धूळ फार होते हो. उत्तर ठरलेलं, बघू. मग गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर अर्धा तास काढायचा असं ठरलं. प्रत्येकीनं आपलं सांगायचं, दहावीतल्या एका पोरीनं वहीत लिहायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच, लई त्रास आहे. पोरगी हुशार. ती विचारायला लागली, कधी? किती वाजता? मग काय झालं? तेव्हा कुठं एक आजी म्हणाल्या, सोमवारी सुरुंग उडाला आणि माझ्या मागच्या भिंतीला तडा गेला, त्यात बोट जातं. दुसरी म्हणाली, कडब्यावर इतका फुफाटा बसतो की म्हैस तोंड लावत नाही. वैरण झटकून, धुऊन घालते. त्याला रोज चार हंडे पाणी जास्तीचं, तेही डोक्यावरून.

एक वहिनी मात्र गप्प होत्या. त्यांचा नवरा त्याच क्रशरवर रोजानं जातो. शेवटी म्हणाल्या, बंद करा म्हणू नका, चूल त्याच्यावर आहे. पण पाणी तरी मारा म्हणावं, ह्यांना रात्रभर खोकला असतो. दोघीतिघींना वाटलं, हे नको लिहायला, आपली बाजू लंगडी पडेल. मी म्हटलं, लिहा. महिला सभेत सगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, तेव्हा हीच सगळ्यांत जास्त कामाला आली. ‘बायकांना रोजगार बुडवायचाय’ असं म्हणायला कुणाला तोंड राहिलं नाही.

आता रस्त्यावर पाणी मारतात, सुरुंगाची वेळ आधी कळवतात. भिंतीची भरपाई अजून नाही. ते भांडण चालू आहे.

तुम्ही करणार असाल तर थोडं सांगते. जिची गोष्ट आहे तिला लिहिलेलं परत वाचून दाखवा. ती ‘असंच म्हणाले मी’ म्हणेपर्यंत खोडा, पुन्हा लिहा. नाव घालायचं की नाही, तेही तीच ठरवणार. घरात मार खायची पाळी येणार असेल तर नाव नको, गोष्ट राहू दे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं वेगवेगळं ठेवा. एक खोटी गोष्ट सापडली की दहा खऱ्या वाया जातात.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असं आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. तारीख भाऊसाहेबांना विचारून ठेवा. नाहीतर घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली म्हणतात. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का-सही घेऊन ती गटाच्या पेटीत ठेवा. आणि सही करण्याआधी प्रोसिडिंग मोठ्यानं वाचायला लावा. आपलं त्यात आलं नसेल तर तिथंच उभं राहून सांगा, भाऊसाहेब, म्हशीचं राहिलं, भिंतीचं राहिलं, तेवढं लिहा, मग अंगठा देतो.