वाघाची नोंद झाली, सोंड्याची कोण करणार?

(भद्रावती येथे संघाच्या मासिक सभेत एका कृषी सखीने केलेले भाषण)



मागच्या महिन्यात मी आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही उघडून पाहिली. वाघ आहे, बिबट आहे, मोह आहे, तेंदू आहे. आणि किड्यांच्या पानावर? ‘विविध कीटक’. एवढंच! आपण ताडोबाच्या उशाशी राहतो. वाघासाठी मोहर्लीच्या गेटवर जिप्स्यांची रांग लागते, पण भुंगेऱ्यासाठी कोण येणार?

खरं सांगू, त्यांना आपल्याइतकं जवळून कोणीच पाहत नाही. तांदूळ पाखडताना दिसतो तो सोंडा. त्याला सोंड असते म्हणून सोंडा. हे नाव कुण्या साहेबानं नाही ठेवलं, पाखडणाऱ्या बाईनंच ठेवलं असेल. तुरीला, हरभऱ्याला गोल भोक पाडून बाहेर येतो तो वेगळा. हे दोन्ही भुंगेरेच. ओळख सोपी आहे: पाठीवर दोन कडक पंखांचं झाकण आणि मधोमध सरळ रेघ. जगात नाव दिलेल्या प्राण्यांपैकी जवळपास दर चौथा प्राणी भुंगेराच आहे.

आता माझी चूक सांगते. परसातल्या वालावर मावा आला होता. पानांवर काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. मला वाटलं, ह्याच वाल खातात. पंप उचलला न् फवारलं. अळ्या गेल्या, पण थोड्या दिवसांत मावा परत आला, आधीपेक्षा जास्त! मग प्रशिक्षणात फोटो पाहिला तेव्हा कळलं, त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. तोच तो लाल, ठिपक्यांचा, लेकरं हातावर घेतात तो. लेकरू आणि माय दोघंही मावाच खातात. मी पैसे खर्चून आपलेच राखणदार मारले. तेव्हापासून फवारण्याआधी पान उलटून पाहते. पिवळ्या, उभ्या अंड्यांचा झुपका दिसला की थांबते.

शेणकिड्याचंही तसंच. तो शेण मातीत पुरतो, म्हणून जमीन भुसभुशीत होते. ऑस्ट्रेलियात तिथल्या किड्यांना गाईचं शेण झेपेना, माश्या माजल्या, तेव्हा 1960 च्या दशकात बाहेरून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्याकडं ते आयतेच आहेत, अन् आपण नाक मुरडतो.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती असते आणि तिच्यात निदान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. म्हणजे ही वही आपलीही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं अभ्यासगट करून आपलं जंगल समजून घेतलं. आपण तांदळाच्या डब्यापासून सुरुवात करू.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं एक वही आणि काडेपेटीत एक तरी भुंगेरा आणावा. घरात मेलेला मिळाला तर उत्तम, मुद्दाम मारू नका. चिठ्ठीवर तारीख, गाव, कोणत्या झाडावर की धान्यात सापडला, आणि तुमची सासू त्याला काय म्हणते ते लिहा. नेमकी जात जाणकारच भिंग लावून ठरवतील, पण चिठ्ठी नसली तर त्यांनाही फार काही सांगता येत नाही. लिहिता येत नसेल तर लेकीला बसवा, सांगा तुम्ही. आणि काडेपेटीतल्या काड्या आधी काढून ठेवा गं!