पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट

आजच्या भागात कोड नाही, एआय नाही. आज कबड्डी. आणि सुरुवात, हसू नका, आइस हॉकीपासून.

आपल्याकडे बोईसरला 'शिफ्ट' म्हटलं की तारापूर एमआयडीसी. फर्स्ट, सेकंड, नाईट, आठ-आठ तास. आइस हॉकीतही शिफ्ट हाच शब्द आहे, फक्त ती साधारण 45 सेकंदांची. खेळाडू बर्फावर उतरतो, जीव तोडून पळतो, धडका देतो, खातो, आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाकावर येऊन बसतो. दुसरा उतरतो. बदली कितीही वेळा चालते. विरार-डहाणू लोकलमध्ये मोबाईलवर असा सामना बघताना मला वाटलं, एवढे तगडे लोक आणि एक मिनिट पण टिकत नाहीत? आणि मग मावसभाऊ आठवला.

तो एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि गावच्या संघाचा मुख्य चढाईपटू. गेल्या वर्षी एका स्पर्धेत पहिला डाव त्याने एकट्याने खेचला. दुसऱ्या डावात शेवटच्या सहा मिनिटांत पाय उचलेनात. सलग तीन चढायांत पकड, वर लोण, आणि हातातला सामना गेला. घरी येईपर्यंत निकाल लागला होता: "पोराला स्टॅमिना नाय." उपाय? रोज दहा किलोमीटर पळ. भावाने नाईट करून आल्यावर, न झोपता, दोन महिने पळून काढले. नडगी दुखायला लागली, चढाईतला झटका गेला, आणि संघातली जागा पण गेली. गड्याने कष्टात काहीच कमी केलं नव्हतं, हे मला फार लागलं.

मग मी त्या सामन्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ काढला आणि आपल्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. चढाई कधी सुरू, कधी संपली, पुढची कधी. नियमाने चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. ती संपली की समोरच्याची चढाई. म्हणजे आपल्या संघाची एक आड एक चढाई जर भाऊच करत असेल, तर 30 सेकंद काम आणि जेमतेम 90 सेकंद सुट्टी. तीही नावाची, कारण त्यात बचाव करायचा असतो.

आता शरीरात काय होतं ते बघा. झटक्याच्या कामासाठी स्नायूंमध्ये फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा असतो. पूर्ण जोर लावला तर तो दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. त्यापुढे साखर ऑक्सिजनशिवाय जाळून काम चालतं आणि पाय भरून येतात. हा साठा परत भरतो कसा, तर मोबाईलच्या फास्ट चार्जिंगसारखा. पहिला अर्धा भाग साधारण अर्ध्या मिनिटात, उरलेला हळूहळू. पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. आइस हॉकीतला खेळाडू बाकावर दोन-चार मिनिटं बसतो ते याचसाठी. भाऊ दर वेळी अर्धवट चार्ज होऊन निघत होता.

आणि आपल्या खेळात एक जास्तीची गंमत आहे, दम. चढाईत 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं म्हणजे श्वास आत घ्यायचाच नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदूला टोचत राहतो, घे श्वास, घे श्वास. हॉकीवाला निदान मोकळा श्वास तरी घेतो!

अजून एक उलटी गोष्ट त्या शीटमध्ये दिसली. कबड्डीत विश्रांती कोणाला मिळते? जो बाद होतो त्याला. जो चांगला खेळतो, बादच होत नाही, तो थकत जातो. भाऊ पहिल्या डावात फक्त एकदा बाद झाला होता. म्हणजे स्टॅमिना नाही म्हणून तो पडला नाही, त्याला बाकच मिळाला नाही. कबड्डीतही बदली करता येते, पण हुकमी चढाईपटूला बसवायची हिंमत गावचा कोच करत नाही. 2018 च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, 34-29. पाच गुणांचा फरक म्हणजे दोन-तीन चढायांचा खेळ. त्या दोन-तीन चढायांसाठी कोणाचे पाय ताजे ठेवायचे, हा कोचचा प्रश्न आहे.

पळणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. तो साठा परत भरणारा चार्जर म्हणजे ऑक्सिजनच, आणि हृदय-फुप्फुसांचा पाया नसेल तर चार्जिंग पण मंद. पण फक्त सावकाश पळून झटका येत नाही. म्हणून आम्ही वेगळं केलं. आठवड्यातून दोनदा चिंचणीच्या किनाऱ्यावर, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूत: 30 सेकंद पूर्ण जोर, दिशा बदलत, मग 90 सेकंद हलकं चालणं. सुरुवातीला सहा वेळा, नंतर दहा. एकदा सावकाश लांब पळणं. आणि जांघेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम, हे आइस हॉकीकडूनच उचललं; तिथे जांघ धरणं ही नेहमीची दुखापत, आणि आपला चढाईपटू पण दिवसभर आडवाच सरकत असतो.

दमटपणा विसरू नका. आपल्या किनाऱ्यावर घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. भावाचं पहिल्या दिवशी दीड किलो गेलं होतं! पाण्यासोबत मीठ पण लागतं, लिंबू-मीठ-साखर पुरतं. आणि कोणी खेळताना बरळायला लागला, तोल जायला लागला, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, ॲम्ब्युलन्स बोलवा. अंग थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

राहिली झोप. नाईटनंतर सराव बंद, हे मी सांगितलं तेव्हा भाऊ हसला. "दांडी मारली तर रोज बुडतो, आणि सराव सोडला तर संघ." याला माझ्याकडे फॉर्म्युला नाही. शेवटी त्याने सुपरवायझरशी बोलून स्पर्धेच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट मागून घेतली, बदल्यात दिवाळीतल्या दोन नाईट कबूल केल्या.

मागच्या महिन्यात तो परत संघात आला, राखीव म्हणून. दुसऱ्या डावात उतरवला. पाच चढाया, चार गुण, एकदा पकड. आता कोच आणि त्याचं ठरलंय की दोन चढायांनंतर तो स्वतःच हात वर करून बदली मागणार. गावातल्या मोठ्यांना ते अजून पटत नाही, "दमला काय रे?" म्हणून ओरडतात. रविवारी पुढचा सामना आहे. मी मोबाईल आणि शीट घेऊन बसणार आहे. तुमच्या गावच्या संघात बदली कोण ठरवतं, ते मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा.