उतारवयातील अस्थी आणि आलुबुखार

बाळंतिणीच्या हाडांची काळजी आपल्याकडे घरोघर घेतली जाते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतात, शेक-शेगडीची व्यवस्था होते. परंतु तीच स्त्री पन्नाशीला पोहोचली म्हणजे तिच्या हाडांची आठवण कोणास राहत नाही. बहुधा तिला स्वतःलाही नाही. वास्तविक त्यांची झीज रजोनिवृत्तीच्या सुमारासच झपाट्याने होऊ लागते.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुना भाग पोखरणाऱ्या आणि नवा भाग रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात अहोरात्र राबत असतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हा अंतःस्राव पोखरणाऱ्या पेशींवर अंकुश ठेवतो. रजोनिवृत्तीनंतर तो अंकुश सैल होतो. शिवाय, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये अधिक प्रमाणात सोडू लागतात आणि ती द्रव्ये पोखरणाऱ्या पेशींना चेतवितात. घराचे रखवालदारच जणू घराची भिंत खणू लागतात. ही झीज दुखत नाही, दिसत नाही. एखादे दिवशी पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, तेव्हाच ती कळते; आणि मग ती स्त्री पुन्हा पूर्वीसारखी हिंडूफिरू लागेलच असे नाही.

ह्या झिजेवर सुक्या आलुबुखाराचा, म्हणजे प्रूनचा, काही उपयोग होतो काय, हे अमेरिकेतील संशोधकांनी पडताळून पाहिले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 160 स्त्रियांपैकी काहींना वर्षभर रोज 100 ग्रॅम आलुबुखार, तर इतरांना सुकविलेले सफरचंद देण्यात आले. आलुबुखार खाणाऱ्यांच्या पाठीच्या कण्याची व हाताच्या हाडाची घनता तुलनेने चांगली आढळली.

पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने 235 स्त्रियांवर वर्षभर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. आलुबुखार न खाणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याची घनता वर्षात सुमारे 1.1 टक्का घटली. रोज 50 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा फळे, खाणाऱ्यांची घट केवळ 0.3 टक्का होती. त्याच प्रयोगातील रक्ततपासणीत असेही दिसले की, आलुबुखार खाणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी चेतविल्या असता पूर्वीपेक्षा कमी दाहकारक द्रव्ये सोडीत होत्या. ह्या फळातील पॉलिफेनॉल द्रव्यांना त्याचे श्रेय दिले जाते.

मात्र अधिक खाल्ल्याने अधिक लाभ होतो, असे नव्हे. रोज 100 ग्रॅम खाण्यास सांगितलेल्या स्त्रियांपैकी पाचांतील दोघींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. ह्या संशोधनास कॅलिफोर्नियातील आलुबुखार उत्पादकांच्या मंडळाने अर्थसाहाय्य केले होते, हेही विचारी माणसाने ध्यानात ठेवावे. शिवाय झीज मंदावली म्हणजे मोडणारी हाडे वाचलीच, असे ह्या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही.

तेव्हा आलुबुखार हे औषध नव्हे; तो एक उपयुक्त आहार आहे. आरंभ दोन-तीन फळांनी करावा, कारण ते सारक आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, प्रथम डॉक्टरांस विचारावे. सुका मेवा महाग वाटला तर खंत नको. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक, कोवळे ऊन आणि रोजचे चालणे ही हाडांची जुनी मित्रमंडळी आहेत; आलुबुखार त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नव्हे. ज्यांच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते, किंवा ज्यांची पाळी फार लवकर थांबली, त्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी अवश्य करून घ्यावी.

घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले पानात घेण्याची सवय पुष्कळ गृहिणींच्या अंगवळणी पडलेली असते. पन्नाशीनंतर तरी ती सोडावी. चार घास स्वतःच्या हाडांसाठी राखून ठेवणे हा स्वार्थ नव्हे.