नव्वद टक्के, पण कशाचे?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं छोटंसं भाषण)



निशी-कासाईच्या आमच्या भाड्याच्या घरात मुलीची खोली पश्चिमेला. मावळतीकडच्या उन्हाला जपानीत 'निशिबी' असा खास शब्द का आहे, ते पहिल्याच ऑगस्टमध्ये कळलं. मग मी 'उष्णता ९० टक्के कट' असं लिहिलेली फिल्म आणली आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवली. खोली जरा सुसह्य झाली, इतकंच. पुढे डिसेंबरातल्या एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी काचेला तडा! घरमालकांची माफी मागून पैसे भरले. तेव्हा कुठे, क्लायंटला 'आधी मॅन्युअल वाचा' सांगणारा मी, माहितीपत्रक वाचायला बसलो.

नव्वद टक्के खरे होते, पण ते फक्त अवरक्त किरणांचे, तेही एका ठराविक पट्ट्यातले. उन्हाच्या उष्णतेत अवरक्त किरणांचा वाटा साधारण निम्मा. उरलेला बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशाचा, आणि पारदर्शक फिल्म तो आत सोडणारच. शिवाय अडवलेली सगळी उष्णता बाहेर जात नाही. काही काचेत मुरते आणि तापलेली काच त्यातली थोडी आत देते. 'अतिनील ९९ टक्के' हे पडद्यांचा रंग टिकायला छान, गारव्यासाठी फारसं नाही.

मग बघायचं काय? जेआयएस ए ५७५९ या जपानी मानकानुसार मोजलेला 'शाहेई केइसू', म्हणजे शेडिंग कोएफिशंट. ३ मिमी साध्या काचेतून येणारी सौर उष्णता १ धरतात. आकडा ०.७ असेल तर घट ३० टक्केच. आकडा लहान तितकं ऊन कमी. पण प्रकाश किती येतो, तोही आकडा बघा.

आणि तडा? आमची काच तारेच्या जाळीची. उन्हाने मधला भाग फुगतो, चौकटीतल्या कडा गारच राहतात. उष्णता शोषणारी फिल्म हा ताण वाढवते, आणि जाळीच्या काचेच्या कडा मुळातच नाजूक. म्हणून आधी काच ओळखा, विक्रेत्याकडून तडकण्याचा धोका तपासून घ्या, घरमालकांना विचारा. स्वतःच्या मॅन्शनमध्येही खिडकीची काच सहसा सामाईक मालमत्ता असते!

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ऊन बाहेरच अडवावं!" आता खिडकीबाहेर बांबूची 'सुदारे' आहे. मुलगी दुपारी शांत झोपते.