भर समुद्रातला चोर कोणाचा?



गावात चोर सापडला तर काय करायचं हे आपल्याला ठाऊक आहे. पोलीसपाटलाला वर्दी जाते, पुढे ठाणे, पुढे कोर्ट. पण भर समुद्रात चोर सापडला तर? तिथे ना शीव, ना ठाणे!

तुम्ही म्हणाल, आम्हां शेतकऱ्यांचा याच्याशी काय संबंध? तर पाहा, आपण पिकाला घालतो ते पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून जहाजांनी येतं. आणि त्या जहाजांवर कोकणातली पोरंही राबत असतात.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाची सत्ता चालते. त्याच्या फार पलीकडे जो खुला समुद्र, तो कोणाचाच नाही. म्हणूनच तिथला चाचा हा साऱ्या जगाचा गुन्हेगार, असा जुना दंडक आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारानेही तो मानला. कोणत्याही देशाच्या युद्धनौकेने चाच्याला पकडावे आणि आपल्या न्यायालयापुढे उभे करावे.

आफ्रिकेतल्या सोमालियाचे सरकार १९९१ साली कोसळले. किनाऱ्याला कोणी वाली उरला नाही आणि पुढे तिथे चाचेगिरी माजली. २००८ साली सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर अनेक देशांची आरमारे एडनच्या आखातात गस्तीला गेली. युरोपातली आली, चीन-जपानची आली. आपले आरमार त्याच वर्षी ऑक्टोबरात पोचले. काही वर्षांत हल्ले पुष्कळ घटले.

पण पकडणं सोपं, न्याय करणं अवघड! खटला चालवायला कोणी तयार नसल्याने कित्येकदा चाच्यांची हत्यारे काढून घेऊन त्यांना सोडून देत. पुढे केनिया आणि सेशेल्स या देशांनी आपली कोर्टे खुली केली. आपल्याकडेही चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. २०११ साली पकडलेल्यांना मुंबईत शिक्षा व्हायला २०१७ उजाडले. अखेर २०२२ साली संसदेने तो कायदा केला.

त्याचा उपयोग लवकरच दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘रुएन’ नावाचे जहाज चाच्यांनी पळवले. मालक बल्गेरियाचे, निशाण माल्टाचे. मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘कोलकाता’ युद्धनौकेने सुमारे ४० तास झुंजून ते सोडवले. ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली झाले. १७ खलाशी सुखरूप सुटले. त्यांत एकही भारतीय नव्हता, आणि तरीही आपले जवान जिवावर उदार होऊन गेले.

शिक्षकबंधूंनी वर्गात नकाशावर एडनचे आखात दाखवताना मुलांना हे जरूर सांगावे. आज आपण दुसऱ्यांची पोरं सोडवली, उद्या आपल्या पोरांसाठी दुसरं कोणी धावेल. समुद्रावरचा शेजारधर्म तो हाच.