नेम धरण्यापूर्वी नकाशा : पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील किरणोपचार

(भाषणाचा मजकूर)



मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात सकाळच्या वेळी गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. साठी-सत्तरी ओलांडलेले काही गृहस्थ बाकावर बसलेले असतात. हातात पाण्याची बाटली आणि नजर भिंतीवरील घड्याळाकडे. ठरलेल्या वेळी ठरलेले पाणी प्यायचे आणि लघवीची भावना झाली तरी आपला क्रमांक येईपर्यंत ती रोखून धरायची, अशी त्यांना सूचना असते. आत कोट्यवधी रुपयांचे यंत्र सज्ज असताना बाहेर या दोन पेले पाण्याचे एवढे अवडंबर कशासाठी, असा प्रश्न सोबत आलेल्या नातेवाइकांना पडतो. या प्रश्नाचे उत्तर हाच या भाषणाचा विषय होय.

ग्रंथीची चतुःसीमा

पुरःस्थ ग्रंथी, जिला आज सर्वत्र प्रोस्टेट या नावाने ओळखले जाते, ती केवळ पुरुषांच्या शरीरात असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते व उतारवयात वाढू लागते. जमिनीच्या दस्तऐवजात जशी चतुःसीमा लिहितात तशी तिची चतुःसीमा लिहिता येईल : वर मूत्राशय, मागे गुदाशय, पुढे जांघेचे हाड, खाली लघवीवर ताबा ठेवणारे स्नायू, आणि मधोमध मूत्रमार्ग. मागील गुदाशयाची भिंत तर या ग्रंथीला जवळजवळ चिकटूनच असते.

किरणोपचारात अतिशय शक्तिमान क्ष-किरण शरीराबाहेरून रोगाच्या जागी सोडले जातात. कर्करोगाच्या पेशी ज्या आधारे वाढतात ती त्यांच्या केंद्रातील रचनाच हे किरण मोडून टाकतात. परंतु किरणांना आपपर भाव नसतो. तेच किरण गुदाशयावर अधिक पडले तर पुढे शौचातून रक्त जाते; मूत्राशयावर पडले तर लघवीची जळजळ व वारंवारता मागे लागते. शिवाय किरण कमी पडले तर रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणून रोगाला पुरेसा मारा आणि शेजाऱ्याला कमीत कमी झळ, हेच आखणीचे सारे शास्त्र आहे. या माऱ्याचे माप ‘ग्रे’ या एककात मोजतात.

छायाचित्रापासून नकाशापर्यंत

१८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण छायाचित्रात हाडे स्पष्ट दिसतात, पण पुरःस्थ ग्रंथी दिसत नाही. त्यामुळे कित्येक दशके डॉक्टरांना हाडांच्या खुणांवरून ग्रंथीचा अंदाज बांधावा लागे आणि त्याभोवती ऐसपैस चौकोन आखून किरण द्यावे लागत. त्या चौकोनात गुदाशय व मूत्राशयही सापडत असल्याने किरणांची मात्रा हात राखून द्यावी लागे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्रावर एका रुग्णाचे पहिले सीटी स्कॅन झाले आणि ही परिस्थिती पालटण्यास प्रारंभ झाला. या कार्याबद्दल १९७९ सालचे नोबेल पारितोषिक हौन्सफिल्ड व ॲलन कॉर्मॅक यांना विभागून देण्यात आले. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा शरीराच्या चकत्यांच्या प्रतिमा सीटी स्कॅनमुळे मिळतात. त्यातील प्रत्येक बिंदूची घनता आकड्यात कळते. किरण हाडातून, मांसातून, पोकळीतून जाताना किती क्षीण होतील याचा हिशेब या आकड्यांवरूनच मांडला जातो. म्हणूनच आजही आखणीचा मूळ पाया बहुतेक ठिकाणी सीटी स्कॅन हाच आहे.

तथापि सीटी स्कॅनलाही मर्यादा आहे. मऊ अवयवांची घनता एकमेकांसारखी असल्याने ग्रंथी कोठे संपते व स्नायू कोठे सुरू होतो, हे त्यात स्पष्ट उमटत नाही. एमआरआय या चुंबकीय प्रतिमेत ती सीमा अधिक स्वच्छ दिसते. एकाच रुग्णाच्या दोन्ही प्रतिमांची तुलना केली असता सीटीवर आखलेली ग्रंथी एमआरआयवरील ग्रंथीपेक्षा साधारण ३० ते ४० टक्क्यांनी मोठी भरते, असे अभ्यासांत आढळले आहे. हद्द चुकली की शेजाऱ्याची जमीन मोजणीत यावी, तसाच हा प्रकार! म्हणून दोन्ही प्रतिमा संगणकावर एकमेकींवर अचूक बसवल्या जातात. अनेक ठिकाणी त्यासाठी तांदळाच्या कणीएवढे सोन्याचे दोन-तीन दाणे आधीच ग्रंथीत बसवतात. दोन्ही प्रतिमांत ते खुणेच्या दगडासारखे उपयोगी पडतात.

या जुळवलेल्या प्रतिमेवर डॉक्टर प्रत्येक चकतीत ग्रंथीची, मूत्राशयाची व गुदाशयाची सीमारेषा आखतात. तिच्याभोवती काही मिलिमीटरांची मोकळी पट्टी ठेवतात. मग वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ कोणत्या दिशेने किती किरण सोडावेत याची गणिते संगणकावर मांडतात. आता हजारो जुन्या प्रतिमांवरून शिकविलेल्या संगणकीय प्रणाली या सीमारेषा काही मिनिटांत आखून देतात. वेळ त्यामुळे निश्चितच वाचतो. परंतु त्या रेषा चकतीगणिक तपासून मान्य करण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते.

रोग नेमका कोठे आहे

ग्रंथी दिसणे आणि रोग दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नेदरलँड्स व बेल्जियम येथील ‘फ्लेम’ या चाचणीत ५७१ रुग्ण सहभागी होते. सर्वांच्या संपूर्ण ग्रंथीला ७७ ग्रे मात्रा देण्यात आली. मात्र निम्म्या रुग्णांत एमआरआयवर दिसणाऱ्या रोगाच्या ठिपक्यापुरती ती ९५ ग्रेपर्यंत वाढवण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले आणि शेजारच्या अवयवांना होणारा त्रास लक्षणीय वाढला नाही. शेजारच्या अवयवांसाठी ठरवलेली मर्यादा मोडायची नाही, मग ठिपक्याची मात्रा कमी करावी लागली तरी चालेल, असा त्या चाचणीचा दंडकच होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी, की या क्षेत्रातील एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला. रोग पसरण्याचा धोका अधिक असलेल्या २२४ रुग्णांची त्यात दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात केवळ ग्रंथीवर, तर दुसऱ्यात ओटीपोटातील लसिका ग्रंथींवरही किरण देण्यात आले. यांतील सुमारे ८० टक्के रुग्णांची पीएसएमए पेट ही तपासणी आधी झाली होती. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या पेशी शरीरात इतरत्र गेल्या असतील तर या तपासणीत त्या उजळून दिसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तचाचणीत रोग परतल्याची खूण न दिसलेल्यांचे पाच वर्षांनंतरचे प्रमाण पहिल्या गटात ८१.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. एकूण आयुर्मानात त्या मुदतीत फरक आढळला नाही आणि लघवीचा उशिरा होणारा त्रास दुसऱ्या गटात अधिक होता, हेही नमूद केले पाहिजे. सारांश, नकाशा कोठवर आखावा हा प्रश्नही सीमारेषेइतकाच महत्त्वाचा आहे.

हद्द हलते तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेताची मोजणी एकदा झाली की बांध जागचा हलत नाही. शरीरातील ही हद्द मात्र रोज हलते. गुदाशयात मळ किंवा वायू साठला की तो ग्रंथीला पुढे ढकलतो आणि रिकामा झाला की ती मागे सरकते. आखणीची प्रतिमा मात्र एकाच दिवसाची असते.

याची किंमत किती मोठी असू शकते हे अमेरिकेतील ह्यूस्टन येथील १२७ रुग्णांच्या अभ्यासातून २००५ साली पुढे आले. या सर्वांना ७८ ग्रे ही एकच मात्रा दिली होती. रोज ग्रंथी पाहून नेम धरण्याची सोय तेव्हा नव्हती. आखणीच्या दिवशी ज्यांचा गुदाशय फुगलेला नव्हता, त्यांच्यापैकी ९२ टक्के रुग्णांत सहा वर्षांनंतर रोग आटोक्यात होता. ज्यांचा तो फुगलेला होता, त्यांच्यात हे प्रमाण ६३ टक्के होते. नकाशा त्या दिवशी पुढे ढकललेल्या ग्रंथीचा होता. नंतर गुदाशय रिकामा असलेल्या दिवशी ग्रंथी मागे सरली आणि किरण नकाशाबरहुकूम पुढेच पडत राहिले. यंत्र बिघडले नव्हते, मात्राही कमी नव्हती. केवळ नकाशातील माणूस आणि टेबलावरचा माणूस एक राहिला नव्हता.

आज यावर दोन उपाय आहेत. पहिला यंत्राचा. रोज किरण देण्यापूर्वी यंत्रावरच प्रतिमा घेऊन ती मूळ नकाशाशी ताडून पाहतात व आवश्यक तेवढे टेबल सरकवतात. एमआरआय जोडलेल्या यंत्रात तर उपचार चालू असतानाही ग्रंथीवर नजर ठेवता येते. अमेरिकेतील १५६ रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यंत्रामुळे भोवतालची पट्टी चार मिलिमीटरऐवजी दोन मिलिमीटरच ठेवता आली आणि लघवीचा मध्यम वा तीव्र तात्कालिक त्रास होणाऱ्यांचे प्रमाण ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आले.

दुसरा उपाय रुग्णाच्या हातचा. आखणीच्या दिवशी जसा गुदाशय रिकामा आणि मूत्राशय भरलेला होता, तसाच तो रोज ठेवणे. भरलेल्या मूत्राशयाचा बराच भाग वर उचलला जाऊन किरणांच्या वाटेतून दूर राहतो आणि आतडीही वर सरकतात. त्या दोन पेले पाण्याचे रहस्य हे आहे!

गावाने काय करावे

येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांचे काम सुरू होते. पाणी किती व केव्हा प्यावे, पोट साफ राहण्यासाठी काय घ्यावे, वायू धरणारे कोणते पदार्थ टाळावेत, हे रुग्णालय कागदावर लिहून देते. वाचता न येणाऱ्या वृद्धाला तो कागद समजावून सांगणे हे गावातील शिक्षकाला सहज जमण्यासारखे आहे. पाणी प्यायला विसरलो तर तसे तंत्रज्ञास निःसंकोचपणे सांगावे, म्हणजे थोडे थांबून उपचार घेता येतो, हेही त्याला सांगावे. संकोचापोटी गप्प राहण्यात नुकसान त्याचेच आहे.

पूर्वी सात-साडेसात आठवडे चालणारा उपचार अनेक रुग्णांत आता चार आठवड्यांत पूर्ण होतो. ब्रिटनमधील ३,२१६ रुग्णांच्या चाचणीने ६० ग्रे मात्रा २० वेळांत देणे ३७ वेळांच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी परिणामकारक नाही, हे २०१६ साली दाखवून दिले. तरीही चार आठवडे शहरात राहणे शेतकरी कुटुंबाला सोपे नसते. निवासाची चौकशी, कागदपत्रांची पूर्तता आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील पात्रतेची खातरजमा पंचायतीने आधीच करून दिली, तर उपचार अर्धवट सोडण्याची पाळी येणार नाही.

शेवटी एक गोष्ट. रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवीत रक्त येणे या तक्रारी ‘वयाचा दोष’ म्हणून लपवल्या जातात. अशी प्रत्येक तक्रार कर्करोगाची नसते. बहुधा ती ग्रंथीच्या साध्या वाढीचीच असते. कर्करोग आढळला तरी सौम्य प्रकारात काही वेळा केवळ नियमित देखरेख पुरते. परंतु यांतील कोणता प्रकार आपला, हे तपासणीवाचून कळत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना लाज न वाटू देता तपासणीस नेणे, ही त्या नकाशाची पहिली रेघ आहे. ती रुग्णालयात नव्हे, गावातच ओढली जाते.