वेलांटी चुकली तर चुकू द्या!

(स्मरणिकेच्या तयारीसाठी झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आषाढ लागला की मी स्मरणिकेसाठी लेख मागत फिरतो आणि दरवर्षी मला एकच उत्तर मिळते. "लिहिलं असतं हो, पण आमचं मराठी शुद्ध नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं." असे सांगणाऱ्यांत बँकेतले अधिकारी आहेत, इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत. हीच मंडळी कोयम्बेडूच्या भाजीबाजारात "कम्मी पण्णुंगो" म्हणत बेधडक घासाघीस करतात. तमिळ चुकते, भाजीवाली हसते, भाजी मिळते. (त्यातले 'कम्मी' हे आपल्या 'कमी'चेच भावंड, ही गंमत वेगळी.) शेजाऱ्यांच्या भाषेत चुकायला आपण भीत नाही, आणि आईच्या भाषेत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की हात आखडतो.

घरी आजोबांची जुनी पत्रे असतील तर काढून पाहा. 'नांव', 'पांच', 'घरांत' असे अनुस्वार जागोजागी दिसतील. ते त्या काळचे शुद्धलेखन होते. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हणजे ज्या 'नांव'साठी आजोबांना शाबासकी मिळाली, त्याच 'नांव'साठी नातवाचा अर्धा मार्क कापला गेला.

आणि त्याही मागे जायचे तर फार लांब जायला नको. रात्रीच्या गाडीने तंजावरला जावे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्या दफ्तरातले मराठी कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसत. वेलांटी एकच, उकार एकच. जमाखर्च, इनामे, देवळांची व्यवस्था, सगळे त्यात लिहिले गेले आणि वाचणाऱ्याला कळले. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरविला आहे. तो देवनागरीत आहे. आजचे नियम तेव्हा व्हायचे होते, अजून 159 वर्षे होती. दगडावर कोरायचे, खोडरबर चालणार नाही, तरी कोणी थांबले नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी उभा राहिलो ती सांगतो. काही वर्षांपूर्वी स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. मैलापूरच्या एक आजी, मूळ तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, स्वतः येऊन चार पाने देऊन गेल्या. लहानपणीचे तंजावरचे घर, तिथला गणपती, माजघरातली बायकांची गाणी असा मजकूर होता. मी लाल पेन घेऊन बसलो. मला वाटले, मी काम चोख करतो आहे. पाने परत पाठविली, वर लिहिले, "कृपया स्वच्छ लिहून द्यावे." आजी फोनवर एवढेच म्हणाल्या, "बरं, बघते." पाने परत आली नाहीत. त्या जागी आम्ही एका मिठाईच्या दुकानाची जाहिरात छापली.

आजी गेल्या वर्षी वारल्या. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने एक वही दाखविली. माझी लाल पाने तिच्यात घडी करून ठेवलेली होती. पुढची पाने कोरी. घरी आणून मी खुणा मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. एकाही चुकीने अर्थ अडत नव्हता. आणि सहा-सात शब्द तर चुकलेलेच नव्हते. ते तंजावरच्या मराठीतले जुने शब्द होते, मला ठाऊक नव्हते, म्हणून मी त्यांना गोल केले होते. माजघरातली ती गाणी कोणती, हे त्या पुढे लिहिणार होत्या. मुलीला त्यातले एकच अर्धे आठवते.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. मी स्वतः ते पाळतो आणि मुलांना शिकवितोही. 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलाला', शेवटची वेलांटी बहुधा दीर्घ, एवढे लक्षात ठेवले तरी बराच भार हलका होतो. पण ते काम मजकूर लिहून झाल्यावरचे आहे आणि ते संपादकाने करायचे आहे. लिहिणाऱ्याने आधी आठवायचे आहे.

म्हणून यंदा समितीने ठरविले आहे ते सांगतो. मजकूर कसाही द्या. वहीच्या पानावर, मोबाईलवर बोलून, मुलांना मराठी लिहिता येत नसेल तर तमिळ अक्षरांत. आम्ही दोघे जण तो उतरवून घेऊ. मूळ कागद तिसऱ्या कोणाला दिसणार नाही. अर्थाबद्दल शंका आली तर घरी येऊन विचारू, खूण करून परत पाठविणार नाही. नागपंचमीपर्यंत वेळ आहे.

आजींची चार पाने मुलीच्या परवानगीने यंदा छापत आहोत. वेलांट्या मी नीट केल्या आहेत. शब्द त्यांचेच आहेत. ते अर्धे गाणेही शेवटी दिले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी पुढचे अर्धे कोणाला येत असेल, तर आज सभा संपल्यावर मला भेटा. मी दारापाशी थांबतो.